स्तनाच्या कर्करोगाच्या नोंदींची यंत्रणा कशी उभारावी: ठाणे-नवी मुंबईतल्या रुग्णालयांसाठी सविस्तर मार्गदर्शन

मुरबाडकडच्या एखाद्या बाईच्या हाताला छातीत गाठ लागते. सोनोग्राफी कल्याणला होते, बायोप्सी ठाण्याच्या लॅबमध्ये, ऑपरेशन ठाण्यातच दुसऱ्या रुग्णालयात. केमो नेरुळला, कारण बहीण तिथे राहते. शेक (रेडिएशन) घ्यायला ट्रान्स-हार्बरची लोकल पकडून खारघर. पाच ठिकाणं, पाच केस पेपर, पाच वेगवेगळे नंबर. तिच्या आजाराची सगळी कागदपत्रं एकत्र असतात ती फक्त तिच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत. आता तिसऱ्या केमोनंतर ती यायची बंद झाली, तर कोणाच्या ध्यानात येईल? ओपीडीत डॉक्टरांना समोर बसलेल्या बायका दिसतात. न आलेली बाई कुणालाच दिसत नाही.

तिची अनुपस्थिती कुणाच्या तरी डोळ्यांत भरावी, यासाठी ही यंत्रणा हवी. रुग्णालयांत डेटा म्हटलं की परिषदेतले तक्ते, शोधनिबंध आणि मान्यताप्राप्तीच्या फायली आठवतात. ते सगळं पुढे आपोआप होतं. आधी दर आठवड्याला एकच गोष्ट कळायला हवी: कोण यायला हवी होती आणि आली नाही. मी नवी मुंबईत याच नोंदींचं काम करते. ठाणे, कळवा, वाशी, पनवेल या पट्ट्यातल्या मध्यम आकाराच्या ट्रस्टच्या, पालिकेच्या किंवा खासगी रुग्णालयाने शून्यातून सुरुवात कशी करावी, ते या अनुभवावरून पायरीपायरीने लिहिते आहे.

कामाचा आवाका आधी लक्षात घ्या. ग्लोबोकॅन या जागतिक कर्करोग-आकडेवारीच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात त्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले. जागतिक आरोग्य संघटनेने स्तनाच्या कर्करोगासाठी २०२१ मध्ये जागतिक उपक्रम सुरू केला. त्याचे तीन मापदंड आहेत: ६० टक्क्यांहून अधिक रुग्णांचं निदान पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यात व्हावं, पहिल्या भेटीपासून ६० दिवसांच्या आत निदान पूर्ण व्हावं, आणि किमान ८० टक्के रुग्णांचे ठरलेले उपचार पूर्ण व्हावेत. हे तीन आकडे तुमच्या रुग्णालयासाठी काढायचे झाले, तर त्यासाठी लागणाऱ्या तारखा आज एका ठिकाणी मिळतात का? बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत.

पहिली पायरी: सॉफ्टवेअरच्या आधी प्रश्न

सर्जन, केमोचे डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट, ओपीडीची सिस्टर, समाजसेविका आणि योजनेच्या खिडकीवरचे आरोग्यमित्र यांना एका टेबलाशी बसवा. आरोग्यमित्रांना विसरू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा प्रस्ताव कुठे अडतो ते त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. सगळ्यांना विचारा: पेशंटबद्दल कुठली गोष्ट वेळेवर कळली असती तर तुम्ही काही वेगळं केलं असतं?

उत्तरं फार नेमकी येतात. सर्जन म्हणतात, बायोप्सीचा रिपोर्ट आल्याचं मला पेशंट परत आल्यावरच कळतं. पॅथॉलॉजिस्ट म्हणतात, नमुना फॉर्मेलिनमध्ये (तो टिकवणाऱ्या द्रावणात) कधी टाकला ते डब्यावर कुणी लिहीत नाही. सिस्टर म्हणतात, हर्सेप्टिन हे हर-२ प्रकारच्या कर्करोगावरचं औषध चालू असलेल्या बायकांचा टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, राहून जातो. यातले पाच-सहा प्रश्न निवडा आणि भिंतीवर लावा. पुढे कुणीही "हाही एक रकाना घाला" म्हणालं, की विचारायचं, यातल्या कुठल्या प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळतं? दोनशे रकान्यांचा फॉर्म पहिल्या महिन्यात हौसेने भरला जातो आणि नंतर अर्धा रिकामा राहू लागतो. चाळीस-पन्नास रकाने पूर्ण भरलेले असणं कितीतरी मोलाचं.

दुसरी पायरी: पेशंटची वाट चालून पाहा

नव्याने आलेल्या एका पेशंटबरोबर, तिची परवानगी घेऊन, नोंदणीच्या खिडकीपासून निघा. कुठे कागद तयार होतो, कुठे तो दुसऱ्या फाईलला लागतो, कुठे फक्त तोंडी सांगितलं जातं, हे लिहीत जा. सोनोमॅमोग्राफीचा रिपोर्ट कुठे ठेवतात? ट्यूमर बोर्डाचा, म्हणजे उपचार ठरवणाऱ्या सगळ्या डॉक्टरांच्या बैठकीचा, निर्णय कोण लिहितं आणि कशावर? केमोचा डे-केअर स्वतःची वेगळी वही ठेवतो का? ठेवतोच, आणि बहुतेक वेळा रुग्णालयातली सगळ्यात विश्वासू नोंद तीच असते. ती वही बंद करू नका. तिच्यातले रकाने संगणकावर कसे आणता येतील ते सिस्टरना विचारा.

या नकाशात रुग्णालयाबाहेरचे थांबेही दाखवा. आपल्याकडे रेडिएशनचं मशीन नसेल तर पेशंट टाटाच्या खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकला, परळला किंवा एखाद्या खासगी केंद्रात जाते. तिथे गेल्यावर आपली नोंद तुटते. म्हणून बाहेर पाठवल्याची तारीख, तिथे उपचार सुरू झाल्याची तारीख आणि संपल्याची तारीख असे तीन वेगळे रकाने हवेत. यातले शेवटचे दोन पेशंटला फोन करूनच भरले जातील हे धरून चला.

तिसरी पायरी: ती कोण, हे पक्कं करा

कंटाळवाणं वाटतं, पण सर्वाधिक घोटाळे इथेच होतात. माहेरचं नाव आधार कार्डावर, सासरचं रेशन कार्डावर, आणि केस पेपरवर लिहिणाऱ्याला ऐकू आलं ते. एकच बाई तीन नावांनी तीनदा नोंदली जाते. वय विचारलं तर "पन्नासेक असेल". मोबाईल नंबर मुलाचा. मुलाने सिमकार्ड बदललं की बाई हरवली.

रुग्णालयाचा एकच कायमचा नंबर हा मुख्य दुवा ठेवा. पेशंटकडे आभा (सरकारी डिजिटल आरोग्य खातं) असेल तर तिचा १४ आकडी क्रमांक सोबत नोंदवा, नसेल तर अडवू नका. आधारचा नंबर साठवण्याच्या फंदात पडू नका. त्याची गरज नसते आणि जोखीम मोठी असते. जन्मतारीख माहीत नसेल तर अंदाजे जन्मसाल टाका आणि ते अंदाजे असल्याची खूण करा, नाहीतर यादीत १ जानेवारीला जन्मलेल्या बायकांची रांग लागते. नाव मराठीत आणि इंग्रजीत, दोन्ही लिप्यांत घ्या. किमान दोन फोन नंबर घ्या आणि प्रत्येकापुढे तो कोणाचा ते लिहा: स्वतःचा, सुनेचा, शेजारणीचा, गावच्या आशाताईंचा. पत्ता दोन ओळींत नको. गाव किंवा वस्ती, तालुका आणि जवळचं स्टेशन किंवा एसटी थांबा असे वेगळे रकाने ठेवा. शहापूर-मुरबाडच्या किती बायका मध्येच सुटतात आणि ऐरोली-घणसोलीच्या किती, हे पुढे त्याच रकान्यांतून कळतं.

लिंगाच्या रकान्यात 'स्त्री' पक्कं करून ठेवू नका. हा आजार पुरुषांनाही होतो. कमी होतो, पण होतो.

चौथी पायरी: रकाने

पेशंट, गाठ आणि घटना अशा तीन वेगळ्या पातळ्या करा. पेशंट एक असली तरी दोन्ही बाजूंना दोन स्वतंत्र कर्करोग असू शकतात, प्रत्येकाची अवस्था वेगळी आणि ईआर-पीआर (गाठ हॉर्मोनला प्रतिसाद देते का, ते सांगणाऱ्या तपासण्या) वेगळे. एकाच ओळीत सगळं कोंबलं की उजव्या बाजूचा रिपोर्ट डाव्या बाजूच्या ऑपरेशनला जोडला जातो. घटना म्हणजे प्रत्येक भेट, प्रत्येक केमो, प्रत्येक फोन. त्या कितीही होऊ शकतात, म्हणून त्यांची संख्या आधी बांधून टाकू नका.

सगळ्यांत जास्त काळजी तारखांची घ्या: रुग्णालयात पहिल्यांदा आल्याची, बायोप्सी घेतल्याची, रिपोर्ट तयार झाल्याची, तो पेशंटला सांगितल्याची, ट्यूमर बोर्डाची, योजनेचा प्रस्ताव पाठवल्याची, मंजुरी मिळाल्याची, पहिल्या उपचाराची. 'निदानाची तारीख' असा एकच मोघम रकाना ठेवला तर एकजण त्यात बायोप्सीचा दिवस टाकतो, दुसरा रिपोर्टचा, आणि दोन आठवड्यांचा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. केमोसाठी प्रत्येक सायकलच्या दोन तारखा हव्यात: ठरलेली आणि प्रत्यक्ष दिलेली. नुसती दिलेली तारीख भरली तर न आलेल्या पेशंटची ओळच तयार होत नाही. यंत्रणेची अर्धी ताकद या दोन तारखांच्या जोडीत आहे.

पॅथॉलॉजीचा भाग मोठा आहे आणि तो मोठाच ठेवा. गाठीचा प्रकार, ग्रेड, आकार मिलिमीटरमध्ये, किती लसिका ग्रंथी काढल्या आणि त्यांपैकी किती बाधित, कडा मोकळ्या आहेत का, ब्लॉकचा नंबर. ईआर आणि पीआर टक्क्यांत लिहा. हर-२ (गाठीच्या पेशींवरचं एक प्रथिन) चा मूळ स्कोअर ०, १+, २+, ३+ असाच नोंदवा. 'पॉझिटिव्ह' किंवा 'निगेटिव्ह' हा निष्कर्ष झाला, आणि निष्कर्षाचे निकष बदलतात. ईआर १ टक्का किंवा त्याहून जास्त असेल तर पॉझिटिव्ह धरतात, पण १ ते १० टक्क्यांचा गट २०२० पासून 'लो पॉझिटिव्ह' म्हणून वेगळा सांगितला जातो. हर-२ चं उदाहरण आणखी बोलकं आहे. १+ किंवा फिश (२+ आल्यावर करायची जनुकाची तपासणी) निगेटिव्ह आलेला २+ हे दोन्ही वर्षानुवर्षं 'निगेटिव्ह' म्हणून लिहिले गेले. २०२२ मध्ये ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकॅन या औषधाचा उपयोग नेमका याच गटातल्या पसरलेल्या आजारात दिसून आला, आणि 'हर-२ लो' हा शब्द ओपीडीत रुळला. ज्यांनी स्कोअर साठवला होता त्यांना अशा बायकांची यादी पाच मिनिटांत मिळाली. 'निगेटिव्ह' लिहून मोकळे झालेल्यांना जुन्या फायली उपसाव्या लागल्या.

नमुन्याच्या वेळाही नोंदवा. गाठ शरीरातून काढल्यापासून फॉर्मेलिनमध्ये जाईपर्यंत एक तासाहून जास्त वेळ जाऊ नये, आणि १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये ती ६ ते ७२ तास राहावी, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. तो मोडला तर ईआर किंवा हर-२ खोटं निगेटिव्ह येऊ शकतं, आणि मग बाईला पाच वर्षं चालणारी हॉर्मोनची गोळी मिळतच नाही. शनिवारी संध्याकाळचं ऑपरेशन, रविवारी लॅब बंद, आणि मोठा नमुना न चिरता तसाच डब्यात. हे घडतं. डब्याच्या लेबलवर 'काढल्याची वेळ' आणि 'फॉर्मेलिनची वेळ' असे दोन चौकोन छापून घ्या. ओटीतल्या स्टाफने ते भरायचे, लॅबने नमुना घेताना ते तपासायचे, नोंद करणाऱ्याने उतरवून घ्यायचे.

अवस्थेसाठी टीएनएम (गाठ, ग्रंथी आणि इतरत्र पसरणं यांवरून टप्पा ठरवण्याची पद्धत) वापरताना तपासणीवरून ठरलेली, ऑपरेशननंतरची आणि आधी केमो झाली असेल तर त्यानंतरची, अशा तिन्ही वेगळ्या ठेवा. कुठली आवृत्ती वापरली तेही लिहा. आठव्या आवृत्तीत ग्रेड, ईआर, पीआर आणि हर-२ धरूनही टप्पा काढतात, त्यामुळे त्याच गाठीचा टप्पा जुन्या पद्धतीने वेगळा येऊ शकतो. जागा आणि प्रकार यांसाठी आयसीडी-ओ या कर्करोगाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचे कोड वापरा. स्तनाचा कोड सी५०, वरच्या बाहेरच्या भागाचा सी५०.४. हे कोड वापरले की पुढे राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाशी जुळवून घेताना त्रास होत नाही.

आणखी एक नियम: रिकामा रकाना चालणार नाही. 'माहीत नाही', 'तपासणी केली नाही' आणि 'लागू नाही' हे तीन वेगळे पर्याय ठेवा. फिश केली नाही कारण हर-२ ३+ होतं, आणि फिश केली नाही कारण पैसे नव्हते, या दोन बायकांची काळजी वेगवेगळी करावी लागते.

पाचवी पायरी: सॉफ्टवेअर

एक्सेलने सुरुवात करायला हरकत नाही. रकाने नीट बसतात का ते दोन-तीन महिन्यांत कळतं. पण त्यावर राहू नका. एका कॉलमचं चुकीचं सॉर्टिंग झालं की अख्ख्या वर्षाच्या ओळी एकमेकींत मिसळतात, कुणी काय बदललं याचा माग राहत नाही, आणि 'फायनल', 'फायनल २', 'फायनल नवीन' अशा प्रती जमत जातात.

रेडकॅप हा माझ्या मते मधला सगळ्यांत चांगला मार्ग. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात २००४ मध्ये सुरू झालेली ही माहिती नोंदवण्याची प्रणाली ना-नफा संस्थांना करार केल्यावर परवाना शुल्काशिवाय मिळते. एकाच पेशंटच्या अनेक केमो नोंदवता येतात, आधीच्या उत्तराप्रमाणे पुढचे रकाने उघडतात, प्रत्येक बदलाची नोंद राहते, कोणाला काय दिसावं हे ठरवता येतं. मात्र सर्व्हर आणि तो सांभाळणारा माणूस तुमचाच लागतो, त्याचा खर्च आधीच धरा. आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचं कॅनरेग हे सॉफ्टवेअरही मोफत आहे, पण ते एखाद्या शहराच्या किंवा जिल्ह्याच्या लोकसंख्येतल्या कर्करोगाच्या नोंदणीसाठी आहे. रोजच्या उपचारांचा पाठपुरावा त्यातून होत नाही. आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या बंगळुरूच्या एनसीडीआयआर संस्थेची रुग्णालयांसाठी वेगळी नोंदणी व्यवस्था आहे. तिच्यात सहभागी होता आलं तर जरूर व्हा. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिड या कर्करोग केंद्रांच्या जाळ्यात तीनशेहून अधिक संस्था आहेत. ग्रिडचं डिजिटल कामासाठी वेगळं केंद्रही आहे. सदस्य असाल तर त्यांच्याकडे आधी विचारा.

रुग्णालयाची स्वतःची एचआयएस (रुग्णालयाच्या कामकाजाची संगणक) प्रणाली असेल तर ठेकेदाराला करारापूर्वी हे विचारून लेखी घ्या. सगळा डेटा आम्हाला हवा तेव्हा सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या फाईलमध्ये) काढता येईल का? रकाना आम्ही स्वतः वाढवू शकू का, की दरवेळी पैसे? कोणी, कधी, काय बदललं ते दिसेल का? करार संपल्यावर डेटाचं काय? बॅकअप कुठे, आणि तो परत उघडून पाहिला आहे का? सगळं पीडीएफमध्ये साठवणारी प्रणाली म्हणजे स्कॅन केलेल्या केस पेपरांचं कपाट. तिला 'रिपोर्ट येऊन पंधरा दिवस झाले आणि उपचार सुरू नाहीत अशा बायका दाखव' म्हटलं तर ती गप्प बसते.

सहावी पायरी: नोंद कोण करणार

निवासी डॉक्टरांवर हे काम टाकू नका. ते सहा महिन्यांनी बदलतात आणि रात्रीच्या ड्युटीनंतर भरलेल्या फॉर्मवर भरवसा ठेवता येत नाही. एक पूर्णवेळ माणूस नेमा. विज्ञान शाखेची पदवी, मराठी आणि हिंदी नीट बोलता येणं, आणि चिकाटी. संगणकाचं बाकी शिकवता येतं. तिला किंवा त्याला ओपीडीच्या शेजारीच बसवा, तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये नाही. नोंद त्याच दिवशी झाली तर अर्धवट रिपोर्टबद्दल तिथल्या तिथे विचारता येतं. महिन्याने भरायला घेतलेली फाईल म्हणजे अक्षर लावत बसणं. टाटा मेमोरियल आणि टिस (टाटा समाजविज्ञान संस्था) यांनी मिळून रुग्णांना वाट दाखवणाऱ्यांसाठी 'केवट' हा अभ्यासक्रम चालवला आहे. तसं प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती मिळाली तर नोंद आणि पाठपुरावा दोन्ही एका हातात येतात.

हे पद टिकवायचं असेल तर पगार देणगीच्या पैशांतून वर्षभरापुरता न देता रुग्णालयाच्या नियमित खर्चात बसवा. माणूस गेला की पहिल्यांदा मरते ती न आलेल्या बायकांची यादी.

सातवी पायरी: सोमवारची यादी

इथे थांबून नीट वाचा, कारण पेशंटला यंत्रणेचा थेट फायदा इथेच होतो. दर सोमवारी सकाळी ओपीडीच्या आधी सॉफ्टवेअरमधून एक यादी निघाली पाहिजे. सुरुवातीला हे निकष ठेवा आणि अनुभवाने बदला:

बायोप्सी होऊन दहा दिवस झाले, रिपोर्टची नोंद नाही.
रिपोर्टमध्ये कर्करोग आहे, पण सात दिवसांत पेशंटला सांगितल्याची नोंद नाही.
हर-२ २+ आहे आणि फिशचा निकाल नाही.
ट्यूमर बोर्डाचा निर्णय होऊन तीन आठवडे झाले, उपचार सुरू नाहीत.
केमोची ठरलेली तारीख उलटून तीन दिवस झाले.
ऑपरेशन होऊन सहा आठवडे झाले, ठरलेली केमो सुरू नाही.
हर्सेप्टिन चालू आहे आणि शेवटच्या इकोला तीन महिने उलटले.
शेक घ्यायला पाठवलं, पण सुरू झाल्याची खबर नाही.
हॉर्मोनची गोळी चालू आहे आणि सहा महिन्यांत भेट नाही.

ऑपरेशननंतरची केमो तीन महिन्यांहून जास्त लांबली तर जगण्याची शक्यता घटते, असं अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून सहा आठवड्यांनाच घंटा वाजायला हवी. उरलेले दिवस तिला शोधायला आणि अडचण सोडवायला लागतात. हॉर्मोनच्या गोळीवाल्या बायकांना यादीत खाली ढकलू नका. त्यांना बरं वाटत असतं, गोळीने सांधे दुखतात, अंगातून वाफा निघतात, मग गोळी गुपचूप बंद होते. पाच किंवा दहा वर्षांच्या औषधात दुसऱ्या वर्षी पडलेला खंड कुठल्याही तपासणीत दिसत नाही.

यादीतल्या प्रत्येक नावापुढे एकाच माणसाचं नाव हवं. 'टीम बघेल' असं झालं की कुणीच बघत नाही.

फोनवर काय बोलायचं

पहिल्याच भेटीत पेशंटला एकांतात विचारा: तुमच्या घरी कोणाकोणाला आजार माहीत आहे? फोन कोणाला करू? कोणासमोर काय बोलायचं नाही? उत्तर नोंदवून ठेवा. एकत्र कुटुंबात कित्येक बायकांनी सासरी 'गाठीचं ऑपरेशन' एवढंच सांगितलेलं असतं, घरात लग्नाची मुलगी असते. फोन दुसऱ्याने उचलला तर कर्करोग हा शब्द काढायचा नाही, विभागाचं नावही नाही. "नमस्कार, दवाखान्यातून बोलतेय, काकूंची तपासणीची तारीख होती, त्या आहेत का?" एवढं पुरतं.

ती स्वतः बोलायला आली की "का आला नाहीत?" असं विचारू नका. "ताई, तारखेला तुमची वाट पाहिली, तब्येत कशी आहे?" असं सुरू करा. ती सांगते. तिने सांगितलेलं कारण एका शब्दात न गुंडाळता यादीतून निवडा आणि शेजारी तिच्या शब्दांत एक ओळ लिहा. यादीत हे पर्याय हवेतच: पैसे संपले, योजनेचे कागद अडले, सोबतीला कोणी नाही, मजुरी बुडते, भाताची लावणी किंवा कापणी, घरात दुसरं आजारपण, केमोचा त्रास सोसवला नाही, दुसरीकडे उपचार सुरू, जडीबुटी किंवा बाबाचं औषध, गाठ गेली म्हणून थांबले, भीती, निधन.

कारणांची ही नोंद सहा महिन्यांनी एकत्र पाहिली की रुग्णालयाला स्वतःविषयी बरंच कळतं. रेशन कार्डावर नाव नाही म्हणून योजना अडते अशा बायका बऱ्याच निघाल्या, तर समाजसेविकेने ते काम बायोप्सीच्या दिवशीच सुरू करावं, रिपोर्ट येण्याची वाट पाहू नये. जून-जुलैत शहापूरकडच्या बायका लावणीसाठी थांबत असतील, तर केमोच्या तारखा त्यांना विचारून दोन-चार दिवस मागेपुढे करता येतात. मजुरी बुडते म्हणणाऱ्या बाईला रक्ततपासणी आणि केमो एकाच दिवशी मिळाली तर तिची एक फेरी वाचते. यासाठी नवीन मशीन किंवा महागडं औषध लागत नाही, कारण माहीत असावं लागतं.

फोन लागला नाही तर दुसरा नंबर, मग आशाताई, मग पत्र. पत्रही साधं, पाकिटावर विभागाचं नाव नसलेलं. चिकाटीने काय साधतं याचं मोठं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांमधल्या १,५१,५३८ बायकांचा अभ्यास सुरू केला. प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली आणि पुढे वीस वर्षं पाठपुरावा चालू राहिला. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. तपासणीच्या गटात आजार लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या आजाराने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. सगळ्या वयांचा एकत्रित फरक १५ टक्के होता, तो संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही. एवढ्या लोकवस्तीत वीस वर्षं माग ठेवता येत असेल, तर वर्षाला दीड-दोनशे पेशंटचा माग ठेवणं अशक्य म्हणता येणार नाही.

आठवी पायरी: नोंदी खऱ्या आहेत का

दर महिन्याला दहातली एक फाईल दुसऱ्या माणसाने मूळ कागदावरून पुन्हा भरायची आणि दोन्ही ताडून पाहायच्या. फरक सापडला तर माणसाला दोष देण्याआधी रकाना पाहा. बहुतेक वेळा त्याची व्याख्याच धूसर निघते. काही तपासण्या सॉफ्टवेअरलाच करायला लावा: उपचाराची तारीख बायोप्सीच्या आधीची नसावी, बाधित ग्रंथी काढलेल्या ग्रंथींपेक्षा जास्त नसाव्यात, ऑपरेशनची बाजू आणि बायोप्सीची बाजू एकच असावी, हर-२ ३+ असूनही औषध दिलं नसेल तर कारण भरल्याशिवाय फॉर्म पुढे जाऊ नये.

'शेवटची खबर' आणि 'तेव्हा हयात होती का' हे दोन रकाने प्रत्येक संपर्कात ताजे करा. समजा शंभरांपैकी तीस जणींची काहीच खबर नाही. जगण्याचं प्रमाण काढताना त्यांना शेवटच्या भेटीपर्यंत हयात धरून गणितातून बाजूला केलं जातं. पण त्या आल्या नाहीत त्या बऱ्याच अंशी प्रकृती ढासळल्यामुळे. मग आपला आकडा खऱ्यापेक्षा चांगला दिसतो आणि आपण निर्धास्त होतो. मुंबईची कर्करोग नोंदणी इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये सुरू केली, ती देशातली पहिली. तिथे नोंद करणारे स्वतः रुग्णालयांत जाऊन फायली पाहत आणि पालिकेच्या मृत्यू नोंदींशी ताडत. रुग्णालयानेही तेवढी शोधाशोध करावी.

गुप्तता

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे. त्यानुसार संमती घेताना द्यायची सूचना मराठीतही उपलब्ध असायला हवी. पानभर बारीक अक्षरं नकोत, वाचून दाखवता येईल असं लिहा: तुमची माहिती कशासाठी ठेवतो, कोण पाहतं, नको असेल तर काय करायचं. नकार दिला तरी उपचार तेच मिळतील, हे स्पष्ट सांगा. संशोधनासाठी वापरायची असेल तर नैतिक समितीची परवानगी वेगळी.

रोजच्या व्यवहारात धोका हॅकरपेक्षा व्हॉट्सअ‍ॅपचा जास्त. नावासकट रिपोर्टचा फोटो ग्रुपवर टाकण्याची सवय मोडा. ट्यूमर बोर्डाच्या ग्रुपवर फक्त रुग्णालयाचा नंबर जावा. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं, मॉनिटरवर पासवर्डची चिठ्ठी नाही, पेनड्राईव्हवर डेटा घरी नाही, आणि काम सोडलेल्या माणसाचं लॉगिन त्याच दिवशी बंद.

आकडे वाचताना

तीन महिन्यांनी पहिला अहवाल काढा, पानभराचाच. टक्क्यांबरोबर मूळ संख्या लिहा. चौदा बायकांपैकी एकीचा फरक पडला तरी सात टक्के हलतात, त्यावरून कुणाची पाठ थोपटू नये की कुणाला फैलावर घेऊ नये. दिवसांची सरासरी न काढता मध्यक (ओळीने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) काढा, आणि त्यासोबत सर्वांत जास्त थांबलेल्या पाच बायकांच्या तारखा ओळीने मांडा. सभेत खरी चर्चा त्या पाच ओळींवर होते. उशीर बायोप्सी ते रिपोर्ट या टप्प्यात आहे, की मंजुरी ते पहिला उपचार यात, हे दिसलं की कुठल्या विभागाने काय बदलायचं ते तिथेच ठरतं.

पेशंटला कसं वाटतं तेही मोजा. ईओआरटीसी या युरोपातल्या कर्करोग संशोधन संस्थेची जीवनमानाची प्रश्नावली मराठीत आहे, वापरण्यापूर्वी त्यांची परवानगी घ्यावी लागते. हाताची सूज मात्र कुठल्याही प्रश्नावलीविना टेपने मोजून प्रत्येक भेटीत नोंदवता येते. काखेतल्या ग्रंथी काढलेल्या बाईला कळशी उचलता येते का, हे डॉक्टर विसरले तरी रकाना विसरत नाही.

जुन्या फायलींचं काय

हा प्रश्न पहिल्याच बैठकीत निघतो. रेकॉर्ड रूममध्ये दहा वर्षांच्या फायली आहेत, आधी त्या भरूया, असं कुणीतरी म्हणतं. तसं करू नका. आजच्या तारखेपासून येणारी प्रत्येक नवी पेशंट पूर्ण भरा. सहा महिने यादी नियमित निघाली की मग मागे जा, आणि तेही ज्यांना अजून फायदा होऊ शकतो त्यांच्यापासून: हर्सेप्टिन चालू असलेल्या, हॉर्मोनच्या गोळीवर असलेल्या, ऑपरेशन होऊन दोन वर्षांच्या आतल्या. डे-केअरची वही आणि औषधांच्या खिडकीवरचं रजिस्टर यांतून ही नावं भराभर निघतात. त्यांचे सगळे रकाने भरले नाहीत तरी चालेल. नाव, दोन फोन नंबर, बाजू, ईआर-पीआर-हर-२, चालू औषध आणि शेवटच्या भेटीची तारीख एवढं पुरे. एवढ्यावर त्या पुढच्या सोमवारच्या यादीत येतात आणि त्यांना फोन जातो.